चैत्यभूमीला जाता, तर पोयबावडीही पाहून या!

डिसेंबर महिना उजाडला की वर्धा जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांमधून एकच विचारणा सुरू होते, "या साली मुंबईले कोण कोण चाललं?" पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलू, कुठेही जा, ५ डिसेंबरच्या आधी घराघरांत दशम्या आणि ठेच्याची शिदोरी बांधली जाते. निळ्या टोप्या आणि पांढरी लुगडी घडी करून पिशवीत जातात. विदर्भ एक्सप्रेस, सेवाग्राम एक्सप्रेस आणि नागपूरहून सुटणाऱ्या विशेष गाड्या माणसांनी फुलून जातात. दादरला उतरायचे, शिवाजी पार्कवर रात्र काढायची, तासन् तास रांगेत उभे राहून चैत्यभूमीवर महामानवाला अभिवादन करायचे, पुस्तकांच्या दुकानांतून चार पुस्तके घ्यायची आणि परतीची गाडी पकडायची. जगात कोठेही आपल्या उद्धारकर्त्याच्या पायाशी लाखो गोरगरीब इतक्या शिस्तीने येत असतील, असे मला वाटत नाही.

परंतु बंधू-भगिनींनो, आज एक प्रश्न विचारावासा वाटतो. परमपूज्य बाबासाहेबांवर जेथे अंत्यसंस्कार झाले, ती जागा आपण पाहिली. ते जेथे जगले, जेथे रात्र रात्र वाचत बसले, जेथून 'मूकनायक' निघाला, ती जागा आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? ती जागा काही दूर नाही. परळच्या पोयबावडीपासून दादरच्या चैत्यभूमीपर्यंतचा सारा रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे, म्हणजे वर्ध्याहून सेवाग्राम आश्रमापर्यंत जेवढे अंतर आहे त्यापेक्षा कमीच! या रस्त्याला वाटाड्या लागत नाही आणि तिकीट लागत नाही. दोन पाय आणि अर्धा दिवस हाताशी असला म्हणजे झाले.

हे सांगण्याचा अधिकार मला फार उशिरा मिळाला, हे आधी कबूल करतो. माझे वडील पुलगावच्या गिरणीत कामगार होते. ते दरवर्षी चैत्यभूमीला जात आणि येताना बाबासाहेबांचा एक फोटो व एक पुस्तक हमखास आणत. शेवटी तब्येतीने साथ सोडली तेव्हा त्यांचे जाणे थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी पोयबावडी पाहिली नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेच नाही. मीही त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर अनेकदा गेलो, पण चैत्यभूमीच्या पलीकडे पाऊल टाकले नाही.

निकालानंतरचा वाद

२०२४ साली माझी मोठी मुलगी बारावीला होती. निकाल लागला आणि गुण अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले. चिडून मी तिला नको ते बोललो. प्रत्येक बाप बोलतो तेच वाक्य माझ्या तोंडून निघाले, "बाबासाहेब दिव्याखाली शिकले आणि तुला विजेच्या उजेडात जमत नाही!" ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, दोन खोल्यांत आपण पाच माणसं. टीव्ही चालू, आजीचा खोकला, पाहुणे-रावळे. मी पुस्तक घेऊन बसू तरी कुठं? मला नाही शिकायचं पुढं. मी दुकानात कामाला जाते."

मला उत्तर सुचले नाही. मोठमोठ्या सभांतून 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे सांगणारा मी कार्यकर्ता, पण स्वतःच्या पोरीपुढे माझी वाचा बसली. आई कोपऱ्यात बसून सारे ऐकत होती. तीच म्हणाली, "पोरीले बाबासाहेबाचं घर दाखव न एकदा. नुसतं बोलून काय होते?" त्या एका वाक्यावर मे महिन्याच्या अखेरीस आम्ही पाचही जण मुंबईच्या गाडीत बसलो. गर्दीच्या दिवसांत जे जमत नाही ते पायी फिरून पाहायचे, असे ठरवले.

पहिला टप्पा : पोयबावडीची चाळ

आपल्याकडील गाड्या दादरला थांबतात. दादरहून मध्य रेल्वेच्या लोकलने सीएसएमटीच्या दिशेला पुढचेच स्टेशन परळ. तेथे उतरून पूर्वेला निघायचे आणि "पोयबावडीची बीआयटी चाळ" असे विचारायचे. परळचा साधा माणूसही वाट सांगतो, असा आम्हाला अनुभव आला.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. इंग्रज सरकारच्या या संस्थेने कामगारांसाठी ज्या चाळी बांधल्या त्यांपैकी ही एक. येथील १ नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत आंबेडकर कुटुंब १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे राहिले. त्या बावीस वर्षांचा हिशेब मी जिन्यात उभा राहून मुलांना सांगितला. सुभेदार रामजी बाबा २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी बाबासाहेब सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२० ते १९२३ या काळात लंडनला जाऊन त्यांनी डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पुरी केली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी चाखले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. १९३० पासून लंडनच्या गोलमेज परिषदा झाल्या. १९३२ साली पुणे करार झाला. या साऱ्या काळात आपल्या बाबासाहेबांच्या घरचा पत्ता कोणता? तर परळच्या चाळीतल्या दोन खोल्या! बादशहाच्या दरबारी इंग्रज प्रधानमंत्र्यासमोर अस्पृश्यांची बाजू मांडून आलेला बॅरिस्टर परत येऊन हाच जिना चढत होता.

आणि याच काळात माता रमाईने येथे काय सोसले? गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे तिच्या डोळ्यांदेखत गेली. राजरत्न १९२६ साली गेला. एकटा यशवंत हाती लागला. पती सातासमुद्रापार शिकत होता आणि ती येथे अर्धपोटी राहून संसार ओढत होती. माझ्या आईने जिन्याच्या कठड्याला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळी नेला. मग म्हणाली, "तुह्या बापानं हे पाह्यलं नाही न रे!" त्यावर मी काय बोलणार?

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही चाळ म्हणजे वस्तुसंग्रहालय नव्हे. आम्ही गेलो तेव्हा तेथे कुटुंबे नांदत होती, दोरीवर कपडे वाळत होते, कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या. म्हणून घोषणा देऊ नका, कोणाचे दार वाजवू नका, परवानगीशिवाय फोटो काढू नका. शांतपणे वर जावे, हात जोडावेत आणि खाली यावे.

गोष्टीचा अर्धा भाग आपण विसरलो

खाली अंगणात आल्यावर मुलीने विचारले, "पण बाबा, इतक्या माणसांत बाबासाहेब अभ्यास करायचे तरी कसे?"

याचे उत्तर त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे आणि ते आपण सर्वांनी ऐकलेही आहे, पण अर्धेच. या चाळीत येण्यापूर्वी आंबेडकर कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत असे. त्या एका खोलीतच चूल, जळण, भांडीकुंडी, जाते आणि माणसे. शाळकरी भीमराव संध्याकाळी लवकर झोपी जात. सुभेदार रामजी बाबा स्वतः मध्यरात्र उलटेपर्यंत जागे राहत आणि पहाटे दोनच्या सुमारास मुलाला उठवून मग स्वतः झोपत. सारी चाळ निजलेली असताना मिणमिणत्या दिव्याखाली भीमराव पहाटेपर्यंत वाचत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर रामजी बाबा लेकीकडे जात आणि तिच्या दागिन्यांवर पैसे उभे करीत.

बंधू-भगिनींनो, आपण मुलांना दिव्याची गोष्ट सांगतो. दिवा लावणाऱ्या आणि मुलासाठी स्वतःची झोप मोडणाऱ्या बापाची गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळतो. सुभेदारांजवळ मोठे घर नव्हते. त्यांनी जागा देता येत नाही म्हणून वेळ दिला, वेळेतून जागा निर्माण केली. मी माझ्या मुलीला टोमणा दिला होता, जागा दिली नव्हती आणि वेळही दिला नव्हता. पोयबावडीच्या अंगणात ही गोष्ट मला जेवढी झोंबली तेवढी कोणत्याही भाषणात झोंबली नव्हती. मी मुलीला एवढेच म्हणालो, "तुझं खरं होतं. चूक माझी होती." ती काही बोलली नाही, पण पुढे चालताना तिने आजीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

दुसरा टप्पा : मूकनायक, दामोदर हॉल आणि कामगारांचे मैदान

पोयबावडीचा हा परिसर नुसता राहण्याचा नव्हता, कामाचाही होता. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या 'मूकनायक' पाक्षिकाचे कार्यालय पोयबावडीतच होते. त्या पत्रासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. आज आपल्या हाती जे साप्ताहिक आहे आणि आपल्या समाजाची जी जी पत्रे निघाली व निघत आहेत, त्या साऱ्यांचे मूळ या गल्ल्यांत आहे.

तेथून मोठ्या रस्त्यावर यावे. पूर्वी याला व्हिन्सेंट रोड म्हणत, आज हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे. आपला पुढचा बराचसा प्रवास याच रस्त्याने आहे. याच रस्त्यावर परळचा दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ रोजी येथे बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि २० जुलै १९२४ रोजी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली. सभेचे कार्यालय याच हॉलमध्ये होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांची वसतिगृहे, वाचनालय, महाडचा सत्याग्रह, ही सारी कामे या सभेच्या नावाने झाली. या वास्तूतील दामोदर नाट्यगृह २०२३ साली बंद झाले. मुलाने विचारले, "मग आपण काय पाहायचं?" मी म्हटले, "जागा पाहायची, आणि इथं काय घडलं ते लक्षात ठेवायचं. भिंत पडली की आठवणसुद्धा पडते, ती पडू द्यायची नाही."

परळ भागातच कामगार मैदान आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा संपाचा हक्क मारणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष, म्हणजे १९३६ साली स्थापन झालेला पक्ष, त्या संपात अग्रभागी होता आणि त्या दिवशीची प्रचंड सभा या मैदानावर झाली. बाबासाहेब हे फक्त एका जातीचे पुढारी होते असे जे म्हणतात, त्यांना या मैदानाचा पत्ता द्यावा. माझे वडील गिरणीत होते म्हणून मला हे ठिकाण विशेष आपलेसे वाटले. पुलगाव असो की परळ, सूत कातणाऱ्याच्या छातीत जाणारा कापूस सारखाच!

तिसरा टप्पा : नायगाव ते दादर

आंबेडकर मार्गाने हिंदमाता ओलांडून दादरच्या दिशेने चालत राहिले की उजव्या हाताला नायगावची वस्ती लागते. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" ही घोषणा केली, हे आपल्या लेकराबाळांना पाठ आहे. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९३६ च्या मे महिन्याच्या शेवटी, याच नायगाव-दादर भागात मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि ३१ मे रोजी बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. धर्म का बदलायचा, याचा भावनेने नव्हे तर एकेक मुद्दा घेऊन त्यांनी खुलासा केला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो सोहळा झाला, त्याआधीची वीस वर्षांची वैचारिक तयारी समजून घ्यायची असेल तर हे भाषण घरी वाचावे आणि मग नायगावातून चालावे.

पुढे दादर टी.टी.चा चौक लागतो. जवळच गोकुळदास पास्ता मार्गावर आंबेडकर भवनाची जागा. येथेच बाबासाहेबांचा 'बुद्धभूषण' छापखाना होता. 'जनता' आणि पुढे 'प्रबुद्ध भारत' ही पत्रे या छापखान्याशी जोडलेली आहेत. २५ जून २०१६ च्या पहाटे लोक झोपेत असताना ही जुनी वास्तू पाडण्यात आली. त्यानंतर १९ जुलै २०१६ रोजी मुंबईत भर पावसात प्रचंड मोर्चा निघाला. तो आपल्या समाजाचा संताप होता आणि रास्तच होता. पण एक कटू प्रश्नही विचारावा लागतो. वर्षातून लाखो माणसे तेथून हाकेच्या अंतरावर येत होती, त्यांतली किती माणसे त्या छापखान्याच्या दारात कधी उभी राहिली होती? ज्या वास्तूत रोज माणसांची ये-जा असते, तिला रात्रीतून हात लावायला कोणीही दहा वेळा विचार करतो.

परदेशात याचा दाखला आहे. हॉलंड देशातील ॲमस्टरडॅम हे कालव्यांचे जुने शहर. तेथे पाहुणे हातात नकाशा घेऊन आपले आपणच पायी फिरतात आणि एकेक वास्तू पाहतात. त्या शहरात प्रिन्सेनग्राख्ट नावाच्या कालव्याकाठी एक साधे घर आहे. हिटलरच्या छळापासून लपलेली ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी दोन वर्षे त्या घरात राहिली आणि तेथेच तिने आपली रोजनिशी लिहिली. १९५० नंतरच्या काळात ते घर पाडून टाकण्याचा घाट घातला गेला होता. लोक जागे झाले, चळवळ झाली, घर वाचले आणि १९६० साली ते सर्वांसाठी खुले झाले. आज तेथे जगभरातून माणसे येतात. एका लहान मुलीची लपण्याची जागा जग जपते, आणि आपण एका युगपुरुषाच्या अभ्यासाची जागा विसरायची का?

चौथा टप्पा : राजगृह

दादर टी.टी.च्या पलीकडे हिंदू कॉलनीत 'राजगृह' आहे. बाबासाहेबांनी हे घर १९३० नंतरच्या काही वर्षांत स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतले आणि मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्याला दिले. घर बांधताना पहिला विचार केला तो पुस्तकांचा. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे पन्नास हजारांच्या घरात गेला. दादरलाच बांधलेली 'चारमिनार' ही दुसरी इमारत त्यांनी १९४१ साली विकली, ती पुस्तकांची खरेदी आणि देणी भागवण्यासाठी. आपल्याकडे लोक घर बांधण्यासाठी काय काय विकतात, या माणसाने पुस्तकांसाठी घर विकले!

राजगृहाच्या तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत. चपला बाहेर काढून, आवाज न करता पाहावे. वरच्या मजल्यावर आंबेडकर कुटुंबाचे घर आहे, याचे भान ठेवावे. माता रमाईला या मोठ्या घराचे सुख फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी याच घरात तिने शेवटचा श्वास घेतला. आम्ही गेलो तोही मे महिनाच होता. माझी पत्नी एरवी फारशी बोलत नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, चाळीत तिनं सोसलं म्हणून इथं पुस्तकं आली." यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

७ जुलै २०२० रोजी याच राजगृहाच्या आवारात शिरून कुंड्यांची आणि काचांची मोडतोड करण्यात आली, हेही मुलांना सांगावे. दुसऱ्या दिवशी समाजाने संयम राखला, हेही सांगावे.

पाचवा टप्पा : राजगृहाहून चैत्यभूमी

राजगृहाहून परत दादर टी.टी.ला यावे, टिळक पूल चढून पश्चिमेला उतरावे आणि शिवाजी पार्कच्या बाजूने समुद्राकडे चालावे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर बाबासाहेबांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले आणि राजगृहात ठेवले. ७ डिसेंबरला राजगृहातून अंत्ययात्रा निघाली आणि दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. म्हणजे राजगृहाहून चैत्यभूमीकडे जाताना आपण आपल्या बापाच्या शेवटच्या प्रवासाच्या दिशेने चालत असतो. त्या दिवशी लाखोंचा समाज रडत चालला होता. आपण तेवढे अंतर तरी गप्प राहून चालावे.

येथे आपल्या वर्धेकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. त्या दिवशी चितेच्या साक्षीने तेथे जमलेल्या लाखाहून अधिक लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ती दीक्षा देणारे भिक्खू होते भदंत आनंद कौसल्यायन. हे भदंतजी त्याआधी कित्येक वर्षे आपल्या वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते. वर्ध्याच्या रस्त्यांवरून चाललेले पाय त्या दिवशी चौपाटीच्या वाळूत उभे होते.

चैत्यभूमीचा स्तूप ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते खुला झाला. प्रवेशद्वार सांचीच्या तोरणासारखे आहे. बाजूलाच इंदू मिलची सुमारे बारा एकर जागा. तेथील राष्ट्रीय स्मारकाचे भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. गिरणीच्या जागेवर बाबासाहेबांचे स्मारक, हे परळहून चालत आलेल्या माणसाला विशेष योग्य वाटते.

एरवी गर्दीत दोन क्षण दर्शन घेऊन पुढे सरकावे लागते. त्या दिवशी आम्ही पाचही जण त्रिसरण-पंचशील म्हणून शांतपणे बसलो. आई वडिलांचा फोटो घेऊन आली होती. तो तिने मांडीवर ठेवला आणि समुद्राकडे पाहत राहिली.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

६ डिसेंबरला गर्दीमुळे हा सारा फेरफटका होत नाही, आणि त्या दिवशी चाळीतल्या रहिवाशांना त्रासही होतो. म्हणून उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीत जावे. सकाळी सातला परळहून सुरुवात केली तर थांबत थांबत, न्याहारी करीत, दुपारपर्यंत चैत्यभूमी गाठता येते. म्हातारी माणसे असतील तर हिंदमाता ते दादर हा भाग बेस्टच्या बसने करावा. पाण्याची बाटली आणि छत्री जवळ असू द्यावी. आधी एक वही करावी. प्रत्येक ठिकाणाचे नाव, तेथे काय घडले आणि कोणत्या वर्षी, एवढे तीन रकाने आखावेत आणि ती वही मुलांच्या हाती द्यावी. मोठ्यांनी सांगायचे आणि मुलांनी ऐकायचे, असे न करता मुलांनी वाचायचे आणि आपण ऐकायचे. आमच्याकडे हे काम मुलीने केले.

एक दिवस जास्तीचा असेल तर परतीची गाडी सीएसएमटीहून पकडावी आणि त्याआधी फोर्ट भाग पाहावा. ज्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून बाबासाहेब मॅट्रिक झाले ते स्टेशनपासून जवळच आहे. १९४६ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाची बुद्ध भवन आणि आनंद भवन ही घरेही फोर्टमध्येच आहेत. राजगृहातील ग्रंथांचा मोठा साठा पुढे याच महाविद्यालयाकडे आला.

घरी आल्यावर

लंडनमध्ये बाबासाहेब शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने घेतले आणि २०१५ साली स्मारक म्हणून खुले झाले. आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्यापैकी किती जण लंडनला जाणार? पोयबावडीला मात्र आपण प्रत्येक जण जाऊ शकतो. आणि तेथून आणायचे ते फोटो नव्हे, तर रामजी बाबांची पहाट.

आम्ही परत आलो. घर दोन खोल्यांचेच आहे, आईचा खोकलाही आहे. पण रात्री आठनंतर टीव्ही बंद ठेवायचा, हा नियम पहिल्यांदा मी स्वतःला लावला. पहाटे साडेचारला उठून मुलीला हाक मारायची आणि तिच्यासाठी चहा ठेवायचा, हे काम माझे. मग वस्तीतील चार बापांशी बोललो. आमच्या विहाराला पौर्णिमेपुरते उघडण्याची सवय होती. आता ते रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी उघडते. किल्ली पाळीपाळीने एकेका पालकाकडे असते. दोन ट्यूबलाइट आणि एक मोठी सतरंजी, एवढाच खर्च आला. सुरुवातीला तीन मुले होती, नंतर चटई कमी पडू लागली. माझ्या मुलीने दुकानाची नोकरी धरली नाही, बी.कॉम.ला नाव घातले. ती पुढे काय होईल ते तिच्या कष्टावर आहे. पुस्तक घेऊन बसू कुठे, हा प्रश्न मात्र तिने मला पुन्हा विचारलेला नाही.

तेव्हा या डिसेंबरला चैत्यभूमीला अवश्य जा. पण येत्या सुटीत लेकराबाळांना घेऊन पुन्हा एकदा जा. परळला उतरा, पोयबावडीचा जिना चढा आणि तेथून पायी निघा. बाबासाहेबांनी बावीस वर्षे जेथे काढली, तेथे आपण बावीस मिनिटे तरी उभे राहू या.

जयभीम! नमो बुद्धाय!